रांगोळीवर गाडी घालत नाहीत

देवरे मॅडम फिरायला कधीच गेल्या नाहीत. त्या जायच्या.

हा फरक त्यांनी मला इतक्यांदा समजावलाय की झोपेतही सांगेन. "फिरणं म्हणजे काय गं रंगारीण? जिथून निघालो तिथंच घाम गाळून परत यायचं. घाण्याचा बैलही तेच करतो, पण त्याचं निदान तेल तरी निघतं. मला कुठंतरी जायचं असतं. दळणाला, बँकेत, कुणाच्या मयताला. पायानं जाते इतकंच. त्याला फिरणं म्हणायचं नाही."

आणि आमची अर्धी कॉलनी काय करते? सकाळी मोटार काढते, ती जॉगिंग ट्रॅकपर्यंत नेते, तिथं लावायला जागा नाही म्हणून एकमेकांशी भांडते, मग आत जाऊन गोल गोल चालते आणि पुन्हा मोटारीत बसून घरी येते. मॅडम गॅलरीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "निघाले बघ, गाडीत बसून चालायला! उद्या पंगतीत बसून उपास करतील."

माझी नात म्हणते, आजी, तू हल्ली फार चिडतेस. चिडू नको तर काय करू? काल मी फूटपाथवरून चालले होते. फूटपाथवरून, रस्त्यावरून नव्हे. मागून एका दुचाकीवाल्यानं हॉर्न वाजवला आणि वर मलाच म्हणाला, "आजी, जरा बघून चला की." मी मुकाट्यानं बाजूला झाले आणि नंतर घरापर्यंत स्वतःला शिव्या घातल्या. मॅडम असत्या तर बाजूला झाल्या नसत्या. त्यांनी शिट्टी मारली असती.

देवरे मॅडम म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेतल्या पीटीच्या शिक्षिका. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायची, म्हणून त्यांनी माझं नाव रंगारीण ठेवलं ते कायमचं. बाई मूळच्या नामपूरच्या, कांद्याच्या बाजारातल्या गलक्यात वाढलेल्या, त्यामुळे आवाज असा की मैदानाच्या या टोकाला "सावधान" म्हटलं की त्या टोकाला झाडावरचा कावळाही ताठ बसावा. पांढरे कॅनव्हासचे बूट, वर खोचलेली सुती साडी, काळी लेडीज सायकल, आणि गळ्यात लाल नाडीला बांधलेली शिट्टी. निवृत्तीनंतरही ती शिट्टी उतरली नाही. लग्नाला जाताना पैठणीवरसुद्धा असायची. मंगळसूत्र विसरेन, शिट्टी नाही, असं त्या नानांच्या, म्हणजे आपल्या नवऱ्याच्या, देखत सांगायच्या आणि नाना खाली मान घालून हसायचे. शिट्टीची भाषा सोपी होती. एक लांब म्हणजे थांबा. दोन छोट्या म्हणजे तास संपला, सुटा.

एरवी मॅडमचं मराठी पुस्तकात छापावं इतकं स्वच्छ. राग आला की मात्र नामपूर बाहेर यायचं. फूटपाथवर चढलेल्या एका बुलेटवाल्याला मी त्यांच्या तोंडून ऐकलंय, "ए भाऊ, रस्ता तुना बापना शे, मानं. पन फूटपाथबी तुना बापनाच शे का?" पोरगा इतका गडबडला की गाडी बंद करून ढकलत खाली उतरला.

तेव्हाची मी कशी होते तेही सांगून टाकते, म्हणजे पुढं मी फार शहाणपणा केला तर तुम्हाला हसायला बरं. माझ्याकडं लूना होती. गॉगल होता. लूनाला आरसा होता आणि तो मागून येणारी वाहनं बघायला असतो हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. मी त्यात टिकली सरळ आहे का ते बघायची. अशी ही बया दर वर्षी रस्ता सुरक्षा सप्ताहात पोस्टर काढायची. एका वर्षी माझ्या पोस्टरला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. दोन वेण्यांची गोड मुलगी, पाठीवर दप्तर, पायाखाली पांढरे पट्टे. आधी उजवीकडं बघते, मग डावीकडं, पुन्हा उजवीकडं. खाली माझ्या वळणदार अक्षरात, 'सावकाश चाला, सुरक्षित राहा.' मी ते फ्रेम करून शाळेच्या दारातच लावलं, येता-जाता मलाच दिसावं म्हणून.

मॅडम त्याच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ही पोरगी एवढी इकडं बघते, तिकडं बघते. गाडीवाला कुठं बघतो ते नाही काढलंस?"

"पोस्टर मुलींसाठी आहे, मॅडम."

"म्हणजे जिच्याकडं गाडी नाही तिला गाडीचं शिकवायचं. मार खाणाऱ्यालाच शिकवणी! आणि मारणाऱ्याला काय, बक्षीस?"

"बक्षीस मला मिळालंय," मी म्हणाले. पाहा कशी होते मी.

"आणि हे पट्टे कुठले? आपल्या शाळेपुढं तर नाहीत."

"ते कल्पनाचित्र आहे."

"तेच म्हणतेय मी," मॅडम म्हणाल्या आणि मैदानाकडं निघून गेल्या.

पुढं योगायोगानं आम्ही एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर, शेजारी शेजारी राहायला आलो. गॅलरीला गॅलरी लागून. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं धरणाचा जुना पाट. पाटाला पाणी क्वचित, पण काठानं करंज, कडुनिंब, चिंचा अशा जुन्या झाडांची रांग आणि त्यांच्या सावलीत पायवाट. नाना रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून त्या वाटेवर जायचे. एका करंजाखाली बाक होता, त्यावर बसून खिशातले फुटाणे खायचे आणि परत यायचे. बँकेतून निवृत्त झालेला गरीब स्वभावाचा माणूस. दिवसभराची सगळी वाक्यं मॅडम बोलून टाकत असल्यामुळे त्यांच्या वाट्याला उरलीच नव्हती.

मग सिंहस्थाची कामं निघाली. सिंहस्थ आला की आमच्या गावात रस्ते रुंद होतात आणि माणसं अरुंद. समोरचा रस्ता एवढा रुंद झाला की पलीकडच्या माणसाचं तोंड ओळखू येईना. मधोमध दुभाजक आला. त्याला आमच्यासमोर एक फट तेवढी ठेवली होती. गाड्या अशा सुटायच्या की रस्ता संपत आलाय आणि शेवटचा तुकडा आपल्यालाच मिळायला हवा. त्याच सुमारास नानांची डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण बरं चालण्यानंच वाटेल. चालवत राहा. नाना वॉकर घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोटारींच्या मधून चालायला लागले आणि दर फेरीला फाटकाशी थांबून पलीकडच्या करंजाकडं बघायला लागले. एकदाच म्हणाले, "मंदा, बाकापर्यंत जाऊ या का?"

मॅडमनी त्या दिवशी त्यांना फाटकाबाहेर नेलं. बराच वेळ कडेला उभं केलं आणि परत आणलं. येऊन शिट्टी टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "समोर दिसतंय गं. हाताला लागेल असं दिसतंय."

तेव्हापासून मॅडमना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. नानांना त्यांच्या पायांनी त्या बाकापर्यंत न्यायचं.

आणि गंमत बघा, त्याच वर्षी पाटाकाठच्या वाटेचं भाग्य उजळलं. ती पायवाट राहिली नाही. 'पादचारी व सायकल मार्ग' झाली. फरश्या आल्या, हिरवा रंग आला, दिवे आले, फुलपाखराचा पुतळा आला. उद्घाटनाला मोठा मंडप. कमानीवर लिहिलेलं, 'चालाल तर जगाल!' मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "जगलो तर चालू."

पाहुणे मोटारीतून आले आणि मोटारी सायकलमार्गावरच लावल्या, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. आमच्या भागातले भाऊ, म्हणजे माजी नगरसेवक आणि बॅनरवरचे भावी नगरसेवक, मिरवत होते. फोटोची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की सायकलमार्गाच्या उद्घाटनाला कुणी सायकलच आणलेली नाही. धावाधाव झाली. शेवटी मॅडमची काळी लेडीज सायकल मागून नेली, तिला हार घातला आणि प्रमुख पाहुण्यांना वर बसवलं. पाहुण्यांना काही तोल सावरेना. दोघांनी मागून कॅरिअर धरलं, भाऊंनी पुढून हँडल धरलं, आणि साहेब जागच्या जागी सायकल चालवत हसले. टाळ्या झाल्या. मॅडमनी हारासकट सायकल परत घेतली आणि टांग मारून त्या नव्या मार्गावर निघाल्या, तर रखवालदार आडवा आला.

"मावशी, सायकल नाही न्यायची. फरश्या नव्या हायेत."

मी मागं उभी होते. म्हटलं, आता नामपूर बाहेर येणार. पण मॅडमनी सायकलचा हार काढला, रखवालदाराच्या गळ्यात घातला आणि पुढं गेल्या.

पण या सगळ्यात मुद्दा काय? तर एवढा थाटाचा मार्ग झाला आणि तिथं चालत पोचायची सोय कुणी केली नाही. तिकडं जायचं तर मोटारीनं. गाड्या लावायला वाहनतळ नंतर बांधला, तो झाडं तोडून. मॅडम माझा दंड धरून मला त्या खात्यात घेऊन गेल्या. कुठलं खातं ते सांगत नाही, कारण सांगितलं तर ते शेजारच्या खात्याकडं बोट दाखवतील. साहेब तरुण होते, सज्जन होते, त्यांनी पाणी मागवलं. पट्टे आणि दिवा यांची मागणी ऐकून घेतली आणि म्हणाले, "मॅडम, आम्ही पाहणी केलीय. त्या ठिकाणी रस्ता ओलांडणारे पादचारी नगण्य आहेत."

"कुठं उभं राहून केली पाहणी?"

"उभं राहून म्हणजे... गाडीतून."

"साहेब, तुमच्या या दाराला बाहेरून कुलूप घाला आणि मग मोजा, तुम्हाला भेटायला किती माणसं येतात. नगण्य!"

साहेब हसले. "पुढं यू-टर्न आहे ना, तिथून वळून या."

"मी वळू की गाडी वळवू?"

"रिक्षा करा की सरांना. आरामात जातील."

"आरामात न्यायचं नाहीये, साहेब. चालत न्यायचंय. चालायला जायला रिक्षा लागत असेल तर ती वाट बांधली कुणासाठी? त्या फुलपाखरासाठी?"

साहेबांनी अर्ज ठेवून जायला सांगितलं. बाहेर पडताना मी समजुतीच्या सुरात म्हटलं की माणूस चांगला आहे हो. मॅडम एवढ्या संतापल्या की व्हरांड्यातच थांबल्या. "सगळेच चांगले आहेत! इथं वाईट माणूस कुणी सापडत नाही हेच तर दुखणं आहे. सापडला असता तर कान पिळून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या."

मग दिवाळी आली. फाटकाबाहेर मी माझी नेहमीची मोरांची रांगोळी काढली होती. मॅडम पलीकडं पणती ठेवत होत्या. एक मोटार वळून आत आली, चालवणाऱ्याला रांगोळी दिसली, त्यानं करकचून ब्रेक मारला आणि रांगोळी वाचवायला गाडी सरळ मॅडमच्या बाजूला घातली. पदराला वारा लागला एवढ्या अंतरावरून गेली. मी किंचाळले. आणि मॅडम? पणती हातात धरून हसत उभ्या. कितीतरी वेळ हसत होत्या.

"रंगारीण, पाहिलंस? त्यानं रांगोळीवर नाही घातली. माझ्यावर घातली!" मग एकदम गंभीर होऊन त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. "केवढी रांगोळी काढता येईल गं तुला?"

गुढीपाडव्याच्या पहाटे आम्ही सोसायटीतल्या बायका चाळण्या आणि पोती घेऊन रस्त्यावर उतरलो. पाडव्याला रस्त्यावर रांगोळी काढणाऱ्यांना आमच्या गावात कोण अडवणार? उलट नमस्कार करतात. दोरी धरून मी रेषा आखल्या. मला कडेनं एखादा मोर काढायची फार हौस होती. विचारलंसुद्धा.

"मोर नको. मोर उडून जाईल. पट्टे काढ," मॅडम म्हणाल्या.

काळ्या डांबरावर या कडेपासून त्या फटीपर्यंत आणि फटीपासून पलीकडच्या कडेपर्यंत पांढरे शुभ्र, रुंद पट्टे. माझं बक्षिसाचं कल्पनाचित्र रस्त्यावर निजवलेलं. पहिला दुधाचा टेम्पो आला आणि थांबला. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं.

"मावशी, लय भारी काढलीय. पण जाऊ कुठून?"

"जाऊ नको. थांब."

तो थांबला. त्याच्यामागं बस थांबली. मोटारी थांबल्या. एक दुचाकीवाला उतरून, गाडी हातात धरून कडेकडेनं गेला आणि जाताना "चुकून रांगोळीला लागली नाही ना?" म्हणून विचारून गेला. एरवी याच रस्त्यावर माणूस दिसला की वेग वाढवणारे हेच लोक! हॉर्न एकही वाजला नाही. रांगोळीपुढं हॉर्न कोण वाजवणार?

मॅडमनी एक लांब शिट्टी मारली आणि नानांना आणायला हात केला. कोपऱ्यावरचे फर्निचरवाले रफिकभाई नानांना धरून घेऊन आले. नाना नवा सदरा घालून तयार. वॉकर पहिल्या पट्ट्यापाशी आला आणि थांबला.

"चला," मॅडम म्हणाल्या.

नाना हलेनात. "मंदा, रांगोळीवर पाय कसा देऊ?"

आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागलो. दोन महिने खलबतं केली, पोत्यांनी रांगोळी आणली, पण हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. गाड्या रांगोळीवर येणार नाहीत हे बरोबर ओळखलं, आणि आपणही रांगोळीवर पाय देणारी माणसं नव्हे हे विसरलो. आजूबाजूला बघितलं तर रस्ता ओलांडायला आलेली दोन-चार माणसंही पट्टे सोडून, कौतुक करत, बाहेरून गाड्यांच्या मधून चालली होती.

मॅडमनी खाली वाकून आपले कॅनव्हासचे बूट काढले. "आधी माझा पाय. पाप लागलं तर मला लागेल." आणि त्या अनवाणी पहिल्या पट्ट्यावर उभ्या राहिल्या.

"मलाही बूट नकोत," नाना म्हणाले. रफिकभाई खाली बसले, त्यांनी नानांच्या पायातले बूट सोडवले आणि स्वतःच्या चपलाही बाजूला काढल्या. तिघं निघाले. वॉकर पुढं, मग उजवा पाय, मग डावा ओढत. प्रत्येक पट्ट्यावर उजव्या पावलाचा स्वच्छ ठसा आणि डाव्या पावलाची लांब रेघ उमटत गेली. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. टेम्पोवाला स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बघत होता. नाना फट ओलांडून पलीकडं पोचले, करंजाखालच्या बाकावर बसले, खिशातून फुटाणे काढले. बराच वेळ आमच्या गॅलरीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "इथून आपलं घर केवढं जवळ दिसतं गं, मंदा."

मॅडमना मी रडताना पाहिलेलं नाही. त्या दिवशीही नाही. त्या फुटाणे खात होत्या आणि तोंड पलीकडं होतं.

येताना मात्र रांगोळी उरली नव्हती. वारा सुटला, एक टँकर गळत गेला, पट्टे विस्कटले आणि गाड्या पुन्हा आपल्या मूळ जातीवर आल्या. नानांना रिक्षानं, यू-टर्नला वळसा घालून आणावं लागलं. मॅडम रिक्षात बसलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. कुणीतरी चोरीच्या गाडीत बसवल्यासारख्या बसल्या होत्या.

रांगोळीचा फोटो गावभर फोनाफोनी फिरला. आठवड्यात भाऊंचा बॅनर लागला, 'भाऊंच्या प्रयत्नांना यश.' मागं माझे पट्टे, पुढं हात जोडलेले भाऊ. आणि खरंच, काही दिवसांत खात्याची माणसं आली आणि अगदी त्याच जागी पांढऱ्या रंगाचे पक्के पट्टे ओढून गेली. मॅडमनी मजल्यावर पेढे वाटले. नानांसाठी नवे बूट आणले.

पट्ट्यांवर दोन पावसाच्या सरी पडायच्या आत दुसऱ्या खात्याचा ट्रक आला. सुशोभीकरण! दुभाजकावर सिमेंटच्या भल्यामोठ्या कुंड्या उतरल्या, त्यात बोगनवेल, आणि जिथं फट होती तिथंही कुंड्याच कुंड्या, मागे-पुढे लोखंडी कठडा. आता पट्टे इकडून ऐटीत निघायचे आणि कुंडीवर जाऊन डोकं आपटायचे. पलीकडून निघायचे, तेही कुंडीवर. हे बघायला मी मुद्दाम खाली गेले होते, मॅडमचा अहिराणी अवतार बघायला मिळेल म्हणून. तो आलाच नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता झालं बघ तुझं कल्पनाचित्र पूर्ण."

पण हार मानतील तर देवरे मॅडम कसल्या! रफिकभाईंकडून त्यांनी दुभाजकाच्या दोन्ही अंगांना लावायला लाकडी पायऱ्या करून घेतल्या आणि लावल्याही. रुंद, धरायला दांडा असलेल्या, कठड्यावरून, दोन कुंड्यांच्या मधून पलीकडं उतरवणाऱ्या. आणि आमच्या जिन्यात नानांचा पीटीचा तास सुरू झाला. "उजवा वर. शाबास. आता डावा. सोडू नका, ओढून घ्या. एक... आणि दोन." दार बंद असलं तरी मला ऐकू यायचं. नाना घामाघूम व्हायचे, पण दोन पायऱ्या चढायला लागले. मग तीन. पाऊस थांबला की जायचं ठरलं.

पाऊस थांबायच्या आधीच अतिक्रमण हटवणारी गाडी आली. आमच्या फूटपाथवर तेव्हा काय काय होतं सांगू? एका शोरूमच्या नव्या दुचाकींची रांग, भाऊंच्या बॅनरचा लोखंडी सांगाडा, दोन बंद पडलेल्या मोटारी. त्यातलं काहीही न उचलता त्यांनी दुभाजकावरच्या लाकडी पायऱ्या उचलल्या. मॅडम धावत खाली गेल्या.

"ह्या कुणाच्या वाटेत येत होत्या?"

"वाहतुकीला अडथळा हाय, मॅडम."

"दुभाजकावरून कुठली वाहतूक जाते?"

"आम्हाला ऑर्डर हाय."

रफिकभाई म्हणाले, "अरे, निदान लकडी तरी परत द्या. सागाची आहे." नाही दिली. पायऱ्या गेल्या.

नाना त्या पावसाळ्यातच गेले. पार्किंगमध्ये मोटारींच्या मधून चालत, फाटकाशी थांबत, एक दिवस झोपेत गेले.

सोसायटीच्या फाटकाशी शववाहिनी येऊन उभी राहिली. मॅडम आतून बाहेर आल्या आणि नामपूरहून आलेल्या भाच्याला म्हणाल्या, "गाडी पलीकडं लावायला सांग. पाटाच्या वाटेशी."

"आत्या, तठे कसाले? गाडी आठेच उभी शे ना."

"त्यांना चालत जायचं होतं तिकडं. निदान खांद्यावरून जाऊ दे."

गाडी यू-टर्नला वळसा घालायला गेली आणि चौघांनी तिरडी उचलली. पट्ट्यांवर पाय पडला आणि दोन्हीकडची वाहनं थांबली. सगळी. लोकांनी हात जोडले. काहींनी हेल्मेट काढलं. बहुतेकांचं आधीच आरशाला लटकत होतं. चौघं कुंड्यांपाशी पोचले आणि अडले. तिरडी खांद्यावर घेऊन कुंडी कशी ओलांडणार? तेवढ्यात रफिकभाई दुकानातून पहार घेऊन पळत आले. त्यांनी कठडा उपसला, एक कुंडी आडवी केली, मग दुसरी. माती आणि बोगनवेल पांढऱ्या पट्ट्यांवर सांडली. त्या मोकळ्या जागेतून नाना गेले.

मॅडम माझ्याशेजारी कडेला उभ्या होत्या. थांबलेल्या गाड्यांकडं एकेक करून बघत होत्या, हजेरी घेतल्यासारख्या.

"रांगोळीला थांबतात," त्या म्हणाल्या. "तिरडीला थांबतात. मधल्या माणसानं काय केलंय गं यांचं?"

त्या पडलेल्या कुंड्या परत कुणी लावल्या नाहीत. पट्ट्यांचं खातं म्हणतं कुंड्या आमच्या नव्हेत, कुंड्यांचं खातं म्हणतं रस्ता आमचा नव्हे. या एका बाबतीत मी दोन्ही खात्यांची आभारी आहे. ती फट अजून आहे. माणसं तिथून जातात. जीव मुठीत धरून, पण जातात.

वर्षभरानं मॅडमनी घर विकलं आणि नामपूरला भावाकडं राहायला निघाल्या. न्यायला भाचा जीप घेऊन आला. सामान चढलं. तो दार उघडून उभा राहिला तर मॅडम म्हणाल्या, "तू वळून पलीकडं ये. मी तिथं असेन." आणि सायकल हातात धरून फाटकाबाहेर पडल्या.

मी गॅलरीतून बघत होते. कडेला उभ्या राहून त्यांनी उजवीकडं पाहिलं नाही की डावीकडं. हात वर केला, एक लांब शिट्टी मारली आणि पट्ट्यांवर उतरल्या. कुणी थांबलं, कुणी वळसा घालून गेलं. एक पोरगी मात्र स्कूटीवरून सरळ येत होती. गॉगल लावलेला, मान आरशाकडं. टिकली बघत होती, दुसरं काय! करकचून ब्रेक मारून ती मॅडमच्या सायकलच्या चाकाशी थांबली. गॅलरीचा कठडा मी असा धरला की बांगडी पिचली. मॅडमनी हात पुढं केला, पोरीच्या स्कूटीचा आरसा धरला आणि तिच्या तोंडावरून वळवून मागच्या रस्त्याकडं केला. काहीतरी बोलल्या. काय ते मला वरून ऐकू आलं नाही, पण पोरगी "सॉरी मॅडम" म्हणाली असणार. सगळ्याच म्हणायच्या. मीही म्हणाले होते, एके काळी.

मग त्या कुंड्यांच्या फटीतून पलीकडं गेल्या. सायकल करंजाला टेकवली. वळून आमच्या गॅलरीकडं पाहिलं आणि दोन छोट्या शिट्ट्या मारल्या.

नाडी गळ्यात नीट करून त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढली. जीप अजून यू-टर्नलाच अडकली होती.